"पाठवला होता" की "पाठवला आहे"? इंग्रजीतले काळ नेमके कधी कोणते वापरायचे?

ताणाबाणा | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात काम करते. गेल्या वर्षापासून परदेशी पार्ट्यांच्या मेल माझ्याकडे आहेत. भाव, वजन, रंग, पॅकिंग यातलं काही विचारा, लगेच सांगते. अडते ती क्रियापदापाशी.

मागच्या आठवड्यात एका पार्टीला मी लिहिलं, "वी हॅड डिस्पॅच्ड युवर ऑर्डर ऑन मंडे." मनातलं वाक्य साधं होतं, तुमचा माल आम्ही सोमवारी पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं: माल परत आला का? रस्त्यात काही झालं का? मला कळेचना की यांना असं का वाटावं. माल नीट निघाला होता, कागदपत्रं तयार होती. मग दोन मेल, एक फोन आणि माझा अख्खा दिवस त्यात गेला. मालक काही बोलले नाहीत, पण मला ते फार लागलं.

शाळेत बारा काळांचा तक्ता पाठ केला होता, आजही न अडखळता म्हणून दाखवेन. कर्ता, मग हॅड, मग क्रियापदाचं तिसरं रूप. माझं वाक्य त्या सूत्रात तंतोतंत बसत होतं आणि तरीही वाचणाऱ्याला भलतंच कळलं. म्हणजे रूप तयार करता येतं, पण कोणतं रूप कधी घ्यायचं ते मला कोणी शिकवलंच नाही. माझा भाचा यंदा दहावीला आहे, तोही तोच तक्ता घोकतोय. त्याचं बघून आज लिहायला बसले.

मी नेहमी लिहिते ती आणखी काही वाक्यं देते. सगळ्यांबद्दल शंका आहे.

"वी आर मेकिंग टॉवेल्स सिन्स थर्टी इयर्स."
"अवर युनिट इज हॅविंग फोर्टी लूम्स."
"व्हेन द यार्न विल कम, वी विल स्टार्ट."
"वी विल सेंड द सॅम्पल्स टिल फ्रायडे."

विनंती एवढीच, नुसतं बरोबर वाक्य लिहून देऊ नका. का ते सांगा, म्हणजे पुढचं वाक्य माझं मला लिहिता येईल.

मोहोळचे मास्तर | सोमवार, रात्री १०:२५

ताई, हा प्रश्न मला ३१ वर्षं वर्गात भेटला. रोज वेगळ्या तोंडातून, पण हाच. आधी 'होता'चं बघू, बाकीची वाक्यं नंतर.

मराठीत 'होतो' दोन कामं करतं. पहिलं काम: "मी स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती." इथे घटना दोन आहेत आणि आधीची कोणती ते 'होती' सांगतं. इंग्रजीतल्या हॅडचं काम नेमकं हेच.

दुसरं काम: "काल मी पंढरपूरला गेलो होतो." इथे दुसरी घटना कुठेच नाही. गेलो, दर्शन घेतलं, परत आलो, ते सगळं मागे पडलं, इतकंच सांगायचंय. नुसतं "काल मी पंढरपूरला गेलो" म्हटलं तर ऐकणारा "मग?" असं म्हणून तोंडाकडे बघत राहतो, म्हणून आपली जीभ आपोआप 'होतो' जोडते. इंग्रजीत हे दुसरं काम हॅडकडे नाही. "आय वेंट टू पंढरपूर यस्टरडे" इथे वाक्य पुरं होतं. तिथे उलट "आय हॅड गॉन" म्हटलं की ऐकणारा "मग?" म्हणतो.

तुमच्या पार्टीचं तेच झालं. त्यांनी हॅड वाचलं आणि त्यानंतर काय घडलं ते शोधू लागले. मेलमध्ये पुढे काही नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच अंदाज बांधला.

मी वर्गात आपल्या सोलापूरचंच उदाहरण द्यायचो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. ही तीन वाक्यं इंग्रजीत साध्या भूतकाळात लिहायची: वॉज बॉर्न, वेंट, डाइड. प्रत्येकाला स्वतःचं साल आहे, हॅडची गरज नाही. पोरं हमखास "ही हॅड गॉन टू चायना इन १९३८" लिहायची. मग मी फळ्यावर १९४७ लिहायचो आणि म्हणायचो, आता या सालावर उभं राहून मागे बघा. "व्हेन इंडिया बिकेम इंडिपेंडंट, डॉक्टर कोटणीस हॅड ऑलरेडी डाइड." स्वातंत्र्य आलं तेव्हा ते हयात नव्हते. आता हॅड पाहिजेच, कारण उभं राहायला भूतकाळातच दुसरी जागा मिळाली.

हॅड लिहिण्याआधी स्वतःला विचारा: कशाच्या आधी? उत्तर देता आलं तर लिहा. नाही आलं तर साधा भूतकाळ.

ताणाबाणा | सोमवार, रात्री १०:५०

गुरुजी, "कशाच्या आधी?" हे मी टेबलावर चिकटवून ठेवते. मग ते वाक्य "वी डिस्पॅच्ड" असं की "वी हॅव डिस्पॅच्ड"? मी दोन्ही पाहिलंय.

मोहोळचे मास्तर | सोमवार, रात्री ११:१५

वार लिहायचा असेल तर "वी डिस्पॅच्ड युवर ऑर्डर ऑन मंडे." वार नसेल आणि माल वाटेत आहे हे कळवायचं असेल तर "वी हॅव डिस्पॅच्ड युवर ऑर्डर."

इथे मराठी आपल्याला चकवते. आपण बिनदिक्कत म्हणतो, "तो काल आलाय." 'काल'ही आहे आणि 'आहे'ही आहे, दोघं सुखाने नांदतात. इंग्रजीत हॅव आणि संपलेली वेळ एका वाक्यात नांदत नाहीत. यस्टरडे, लास्ट वीक, ऑन मंडे, इन १९३१ असं काही आलं की हॅव बाहेर जातं. टुडे, धिस वीक, एव्हर, येट, सो फार अशी न संपलेली वेळ असेल तर हॅवला जागा आहे.

आपल्या चार पुतळ्यांजवळून तुम्ही रोज जात असाल. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. "दे वेअर हँग्ड ऑन १२ जानेवारी १९३१." तारीख आहे, दार बंद झालं. पण "सोलापूर हॅज रिमेंबर्ड देम एव्हर सिन्स" हे हॅजने सांगायचं, कारण ती आठवण त्या दिवसापासून आजपर्यंत चालत आली आहे. एकाच गोष्टीबद्दलची दोन वाक्यं आणि दोन काळ. पहिलं वाक्य त्या दिवशीचं, दुसरं आजचंही.

तुमची पार्टी अमेरिकेची असेल तर त्यांच्याकडून "आय जस्ट सेंट इट" असंही येईल. ब्रिटिश वळणात तिथे "आय हॅव जस्ट सेंट इट" म्हणतात. दोन्ही चालतं, त्यावरून गोंधळू नका.

जोडबसवण्णा चौक | मंगळवार, सकाळी ७:४०

मी पूर्व भागातला, घरी तेलुगू. मराठी शाळेत शिकलो, गल्लीत कानडी ऐकत वाढलो. सध्या लहान मुलांची शिकवणी घेतो, म्हणून ताईंच्या पहिल्या दोन वाक्यांबद्दल लिहितो.

"सिन्स थर्टी इयर्स" ही चूक आमच्या गल्लीत तिन्ही भाषांतली मुलं सारख्याच पद्धतीने करतात. मराठीत "तीस वर्षांपासून करतो." तेलुगूत 'पासून'ला 'नुंची' म्हणतात आणि क्रियापद वर्तमानकाळातच ठेवतात. कानडीतही तसंच. तिन्ही भाषा म्हणतात, काम आज चालू आहे ना, मग वर्तमानकाळ. आमच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. इंग्रजी मात्र त्याच गोष्टीकडे मागून बघते, काम जिथे सुरू झालं तिथपासून. म्हणून तिथे हॅव येतं: "वी हॅव बीन मेकिंग टॉवेल्स फॉर थर्टी इयर्स."

सिन्स की फॉर, हे मुलांना मी वंदे भारतवरून शिकवतो. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. तो दिवस म्हणजे खिळा. दोरी जिथे बांधली त्या खिळ्याला सिन्स. खिळ्यापासून इथपर्यंतच्या दोरीची लांबी मोजायची तर फॉर. "सिन्स फेब्रुवारी २०२३", पण "फॉर टू इयर्स", "फॉर थ्री इयर्स", जेवढी लांबी भरेल तेवढी. मराठीत खिळ्यालाही 'पासून' आणि लांबीलाही 'पासून', म्हणून घोटाळा होतो.

आता "इज हॅविंग फोर्टी लूम्स." यावर माझ्याकडे एक सोलापुरी तपासणी आहे, मुलांना ती लगेच कळते.

आपण इथे "काय करायलास?" असं विचारतो. "जेवायलोय", "पाऊस पडायलाय", "ती लिहायलीय." पुण्याचा पाहुणा हसतो, पण मी मुलांना सांगतो की हे रूप इंग्रजी शिकायला फार कामाचं आहे. "मी टॉवेल विणतो" हा धंदा झाला. "मी टॉवेल विणायलोय" म्हणजे आत्ता मागावर उभा आहे. पहिलं "आय वीव्ह", दुसरं "आय ॲम वीव्हिंग". 'यलोय' लागतं तिथे आयएनजी लावायचं.

आता सांगा, "आमच्याकडे चाळीस माग असायलेत" असं सोलापुरात कोणी म्हणेल का? "मला दोन भाऊ असायलेत"? "मला त्याचं नाव माहीत असायलंय"? कानाला लगेच खटकतं. मग "इज हॅविंग" आणि "ॲम नोइंग" सुद्धा नाही. "अवर युनिट हॅज फोर्टी लूम्स." "आय नो."

मूळ चूक 'आहे'मुळे होते. चाळीस माग 'आहेत', म्हणून हात आधी इज लिहितो, मग हॅव आठवतं आणि दोघांना जुळवायला आयएनजी येऊन बसतं.

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ९:०५

जोडबसवण्णा, 'करायलोय'ची तपासणी मनापासून आवडली. आजवर आमच्या या बोलीला फक्त नावं ठेवलेली ऐकली होती. ती इंग्रजीच्या व्याकरणात उपयोगी पडते हे वाचून बरं वाटलं.

पण दोन ठिकाणी ती फसते, ते नोंदवते. "मला इथून सिद्धेश्वराचं देऊळ दिसायलंय" असं आपण म्हणतो. इंग्रजीत "आय ॲम सीइंग द टेंपल" नाही, "आय कॅन सी द टेंपल." ऐकू येण्याचंही तसंच, "आय कॅन हिअर." दुसरं, "मी पाच वर्षांपासून इथे राहायलोय" हे आपल्या बोलीत बरोबर आहे. तपासणी लावली तर "आय ॲम लिव्हिंग" येतं आणि आपण परत त्याच खड्ड्यात पडतो.

जोडबसवण्णा चौक | मंगळवार, सकाळी ९:३०

दोन्ही मान्य. 'पासून' दिसला की माझी तपासणी बाजूला ठेवायची आणि आधी खिळा-दोरी बघायची, असा क्रम उद्यापासून सांगतो. दिसणं-ऐकू येणं वेगळं शिकवावं लागेल. "मला वाटायलंय" या बाबतीत काय करावं? "आय ॲम फीलिंग बेटर" तर चालतं.

मोहोळचे मास्तर | मंगळवार, दुपारी १:२०

तब्येत सांगताना "आय फील" आणि "आय ॲम फीलिंग" दोन्ही चालतात. मत सांगताना, म्हणजे "मला वाटतं भाव वाढतील", तिथे "आय थिंक". "आय ॲम थिंकिंग" म्हणजे अजून विचार चाललाय, मत बनलेलं नाही. पार्टीला "आय ॲम थिंकिंग द प्राइस इज फेअर" लिहिलं तर तुम्ही अजून डळमळताय असं त्यांना वाटेल आणि ते भाव पाडून मागतील. काळाच्या चुकीने असे पैसेही जातात, म्हणून एवढं सांगतो.

दहावीची आई | मंगळवार, दुपारी २:१०

सगळं वाचतेय, पटतंय. पण माझ्या मुलीला परीक्षेत "अमुक वाक्य पास्ट परफेक्टमध्ये लिहा" असा प्रश्न येणार. तिथे खिळा आणि दोरी चालणार नाही. तक्ता पाठ न करून कसं भागेल? घोकंपट्टीला नावं ठेवणं सोपं आहे, मार्क मुलांचे जातात.

मोहोळचे मास्तर | मंगळवार, दुपारी ४:००

तुमची काळजी रास्त आहे. तक्ता टाकून द्या असं मी म्हणत नाही. तो बारा वेगवेगळ्या गोष्टींसारखा पाठ करू नका, एवढंच म्हणतो. बारा म्हणजे तीन गुणिले चार. वेळ तीन: आज, मागे, पुढे. आणि काम कसं बघायचं ते चार तऱ्हांनी: नुसतं सांगायचं, चालू असताना बघायचं, झालेलं बघायचं, किंवा इतका वेळ चालत आलेलं बघायचं. मुलीला सात गोष्टी कळल्या की बारा खाने ती स्वतः भरते.

अजून खोलात जायचं तर इंग्रजी क्रियापदाचं रूप स्वतः फक्त दोनच काळांत बदलतं, गो आणि वेंट. भविष्यकाळासाठी वेगळं रूप त्याच्याकडे नाहीच, विलचा आधार घ्यावा लागतो. आपल्याकडे जाईन, जाशील, जाईल असं स्वतंत्र रूप आहे. या बाबतीत मराठी श्रीमंत आहे, हे मुलीला जरूर सांगा. मुलं इंग्रजीपुढे उगाच दबून जातात.

कडक भाकरी | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

माझा छोटा प्रश्न आहे. मी नर्सिंगच्या मुलाखतीला जाणार आहे. सराव करताना माझ्या तोंडून "आय डिड नॉट वेंट", "डिड यू ॲट?" असंच येतं. नियम माहीत आहे, तरी येतं. काय करू?

शेंगाचटणी | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

भाकरी, तुला हे मराठीतून आधीच येतंय. बघ हं.

"मी गेले नाही." इथे भूतकाळ 'गेले'मध्ये आहे, 'नाही' नुसता नकार. या वाक्याच्या चालीवर तू "डिड नॉट वेंट" बोलतेस.

आता "मी जात नव्हते" हे म्हणून बघ. भूतकाळ कुठे गेला? 'नव्हते'मध्ये. 'जात' तसंच राहिलं, त्याला काळाचा स्पर्श नाही. "गेले नव्हते" म्हटलं तर अर्थच बदलतो. डिड म्हणजे तुझं 'नव्हते' समज. भूतकाळाचं ओझं त्याने उचललं की मागचं क्रियापद मोकळं: "डिड नॉट गो", "डिड यू ईट?" अर्थ तंतोतंत तोच नाही, पण वाक्याची बांधणी तीच.

बोलताना डिड आलं की क्षणभर थांब आणि क्रियापद डिक्शनरीत असतं तसं म्हण. आठवडाभर रोज दहा वाक्यं मोठ्याने म्हण, मनात नको. जिभेची सवय जिभेनेच मोडते. मुलाखतीला शुभेच्छा!

जुन्या गिरणीचा नातू | मंगळवार, रात्री ९:३०

एक रूप राहिलंय आणि ते मला सगळ्यात जवळचं आहे.

आमचे आजोबा जुन्या गिरणीत होते. १८७७ ची ती गिरणी, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी बंद पडली. आजोबा सांगायचे, भोंगा वाजायचा, माणसांची रांग लागायची, आजी फडक्यात भाकरी बांधून द्यायची. वाजायचा, लागायची, द्यायची. एकाही वाक्यात 'वाजला' नाही. एक दिवसाची गोष्ट नव्हतीच ती.

ही आठवण मी कॉलेजात इंग्रजीत लिहिली तेव्हा "द सायरन वॉज ब्लोइंग" असं लिहिलं. सरांनी विचारलं, कधी? मी म्हटलं, रोज. ते म्हणाले, मग वॉज ब्लोइंग नाही. वॉज ब्लोइंग म्हणजे एका ठरावीक क्षणी भोंगा वाजत होता आणि तेवढ्यात दुसरं काही घडलं. रोजचं, आणि आता उरलेलं नाही असं सांगायचं तर "द सायरन यूज्ड टू ब्लो." नंतरच्या वाक्यांत "माय ग्रँडमदर वुड पॅक" असं वुडही चालतं. फक्त 'असायचं' ला वुड चालत नाही. "इथे गिरणी असायची" याला "देअर यूज्ड टू बी अ मिल हिअर" असंच.

शाळेत याला रीतिभूतकाळ म्हणून शिकवलं होतं, 'जात असे, करीत असे'. आपण बोलताना 'जायचो, करायचो' म्हणतो. गंमत म्हणजे हे रूप इंग्रजीच्या बारा काळांच्या तक्त्यात नाहीच, म्हणून मुलांच्या डोळ्यांसमोर ते कधी येत नाही. आणि गिरण्या बंद पडलेल्या या गावात म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी इंग्रजीत सांगायच्या तर सगळ्यात आधी हेच रूप लागतं. आजोबांची आठवण नातवंडांना इंग्रजीत वाचावी लागेल अशी वेळ आमच्या घरी आली आहे, म्हणून मी ते पुन्हा नीट लिहायला घेतलंय.

ताणाबाणा | मंगळवार, रात्री १०:०५

दादा, हे वाचून डोळे भरून आले. माझे वडीलही मागावरच होते. लिहून झालं की इथे नक्की टाका.

माझी दोन वाक्यं अजून उरली आहेत, "व्हेन द यार्न विल कम" आणि "टिल फ्रायडे."

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री १०:३०

ताई, 'सूत येईल तेव्हा सुरू करू' हे तुम्ही ऑफिसात प्रत्यक्ष कसं बोलता? "सूत आलं की सुरू करू." बरोबर ना? सूत यायचंय अजून आणि तुम्ही म्हणता 'आलं', तेही भूतकाळी रूपात. "पाऊस आला तर मॅच रद्द होईल." पाऊसही यायचाच आहे. म्हणजे की आणि तर जोडताना भविष्यकाळ सोडून द्यायची सवय आपल्याला आहेच. इंग्रजीही व्हेन आणि इफ नंतर अशा वाक्यात भविष्यकाळ सोडते, फक्त भूतकाळाऐवजी वर्तमानकाळ घेते. "व्हेन द यार्न कम्स, वी विल स्टार्ट." विल एकदाच, मुख्य वाक्यात.

'येईल तेव्हा' असं जड मराठी मनात धरलं की विल दोनदा येतं. घरचं मराठी धरलं की वाचतं.

जोडबसवण्णा चौक | बुधवार, सकाळी ७:१५

त्याला जोडून 'येतो'. आपण निघताना "बरं, येतो मी" म्हणतो. माझा एक विद्यार्थी कंपनीत साहेबांच्या केबिनमधून निघताना "ओके सर, आय ॲम कमिंग" म्हणाला आणि बाहेर पडला. साहेब बराच वेळ त्याची वाट बघत बसले. तिथे "आय ॲम लीव्हिंग" किंवा "आय विल बी बॅक." उलट कोणी हाक मारली की आपण "आलो आलो!" म्हणतो आणि अजून जागेवरून उठलेलोही नसतो. तिथे "कमिंग!" शब्द बघून भाषांतर केलं की माणूस चुकतो, पाय कुठे चाललेत ते बघावं.

मोहोळचे मास्तर | बुधवार, सकाळी १०:४०

आता 'पर्यंत'. "शुक्रवारपर्यंत दुकान उघडं आहे" इथे काम शुक्रवारपर्यंत सलग चालू राहतं, तिथे टिल. "शुक्रवारपर्यंत नमुने पाठवू" इथे काम एकदाच होणार, शुक्रवार ही शेवटची मर्यादा, तिथे बाय. "वी विल सेंड द सॅम्पल्स बाय फ्रायडे." टिल लिहिलंत तर तुम्ही शुक्रवार उजाडेपर्यंत रोज नमुने पाठवत राहणार असा अर्थ होतो.

बायबरोबर आणखी एक रूप तुमच्या कामाचं आहे. "शुक्रवारपर्यंत माल बांधून झालेला असेल": "बाय फ्रायडे वी विल हॅव पॅक्ड द गुड्स." मराठीतलं 'झालेला असेल' आणि इंग्रजीतलं "विल हॅव पॅक्ड" इथे जवळपास जुळतात.

पण 'असेल'ला एक धोका आहे. "माल पोहोचला असेल" यात आपण पुढचं बोलत नाही, अंदाज करतो. त्याला "द गुड्स विल रीच" लिहू नका, ते आश्वासन होईल. "द गुड्स मस्ट हॅव रीच्ड यू बाय नाऊ." खात्री कमी असेल तर मस्टच्या जागी मे. धंद्याच्या पत्रात अंदाज आणि आश्वासन यांची गल्लत होता कामा नये.

ताणाबाणा | बुधवार, रात्री ८:५०

आज त्याच पार्टीला नवी मेल लिहिली, पण पाठवण्याआधी इथे टाकते. कृपया बघाल का?

"वी हॅव बीन मेकिंग टॉवेल्स फॉर थर्टी इयर्स अँड अवर युनिट हॅज फोर्टी लूम्स. वी डिस्पॅच्ड युवर लास्ट ऑर्डर ऑन मंडे, द सिक्स्थ. द ब्ल्यू यार्न फॉर युवर न्यू ऑर्डर हॅज नॉट अराइव्ह्ड येट. व्हेन इट अराइव्ह्ज, वी विल स्टार्ट वीव्हिंग. वी विल सेंड द सॅम्पल्स बाय फ्रायडे. द पॅकिंग लिस्ट वॉज सेंट टू यू यस्टरडे, बट वी हॅड फाउंड अ मिस्टेक इन इट, सो प्लीज यूज द अटॅच्ड वन."

मोहोळचे मास्तर | बुधवार, रात्री ९:२०

उत्तम. एकाच ठिकाणी बोट ठेवतो. "वी हॅड फाउंड अ मिस्टेक." कशाच्या आधी?

ताणाबाणा | बुधवार, रात्री ९:२८

यादी पाठवल्यानंतर चूक सापडली. आधी नाही. मी हॅड लिहिलंय म्हणजे चूक माहीत असूनही आम्ही यादी पाठवली, असं त्यांना वाटलं असतं!

"बट वी फाउंड अ मिस्टेक आफ्टरवर्ड्स" असं केलं.

मोहोळचे मास्तर | बुधवार, रात्री ९:३१

बरोबर. पाठवा.

ताणाबाणा | बुधवार, रात्री ९:३४

आय हॅव जस्ट सेंट इट.